कुटली लाईन?

बिरप्पाचं जमलेलं लग्न माझ्या एका वाक्यामुळे मोडलं. वाक्य चार शब्दांचं होतं. त्यातला एक शब्द इंग्रजी होता. मी इंग्रजी वाङ्मयाचा एम.ए. आहे, म्हणून ते जास्त लागलं.

बिरप्पा वीज कंपनीत लाईनमन आहे. वय एकतीस. गाव मंद्रूपच्या पुढे. आयटीआय केलं, आठ वर्षं ठेकेदाराकडे खांब चढला, दोन वर्षांपूर्वी कायम झाला. सोलापुरात तो पार्वतम्मांच्या घरी पुढच्या खोलीत राहतो. मागच्या खोलीत मी. मी मोडनिंबचा आदिनाथ. एका कॉलेजात तासिकेवर शिकवतो आणि संध्याकाळी स्पोकन इंग्लिशचा क्लास घेतो. मधल्या घरात पार्वतम्मा स्वतः असतात. त्यांच्या सासरची माणसं तीन पिढ्या मागावर बसली. त्या बिड्या वळतात. देवाशी तेलुगूत बोलतात, आमच्याशी मराठीत. त्यांच्या मराठीत लाईट जातो आणि नळ जाते.

बिरप्पाला एक खोड आहे. त्याच्यासमोर कुणी 'लाईन' म्हटलं की तो विचारतो, "कुटली?"

सुरुवातीला मला वाटलं, त्याला कमी ऐकू येतं. मग वाटलं, चेष्टा करतो. तसं काही नव्हतं. सकाळी पार्वतम्मा दारातून विचारायच्या, लाईन आला का. हा दाढीचा फेस तसाच ठेवून विचारायचा, कुटली, नळाची का लाईटीची. मी सांगायचो, रेशनला केवढी लाईन आहे आज. हा म्हणायचा, रांग म्हणा की. माझ्या क्लासमधला एक पोरगा म्हणाला, माझा भाऊ कापडाच्या लायनीत आहे. त्यालाही यानं सोडलं नाही. शिवतो, विकतो का विणतो, ते नीट विचारून घेतलं. एकदा एक हवालदार म्हणाला, मी लाईनीतच राहतो. पोलीस लाईन सोडून सोलापुरात हवालदार दुसऱ्या कुठल्या लाईनीत राहणार. पण बिरप्पानं विचारलंच.

एका रविवारी मी त्याला एक कविता वाचून दाखवली. शेवटाला आलो आणि म्हटलं, आता ही लाईन बघ.

"कुटली?"

मी बोट ठेवलं.

"ती ओळ हाय की, सर. ओळ म्हणा."

मी जरा चिडलोच. मी त्याला सांगितलं, इंग्रजी डिक्शनरीत या एका शब्दाला दोन पानं दिलेली आहेत. दोरी, रेघ, रांग, तार, ओळ, वंश, धंदा, रस्ता. तरी त्या देशातली माणसं रोज एकमेकांशी बोलतात आणि त्यांचं काही अडत नाही. संदर्भ नावाची गोष्ट असते. माणसाला संदर्भावरून कळतं.

बिरप्पा म्हणाला, "कळलं असं वाटतं ना सर, तितंच भ्या हाय."

मी ते वाक्य त्या दिवशी सोडून दिलं.

मग स्थळ आलं. बिरप्पाच्या वच्छलाआत्यानं आणलं. मुलगी बार्शीची, नाव अंकिता. तिनं डी.फार्म. केलेलं आहे आणि बार्शीतल्याच एका मेडिकल दुकानात ती काउंटरला असते. वडील मार्केट यार्डात तोलार आहेत, म्हणजे धान्याची पोती तोलतात. बघायला गेले तेव्हा दोघांना पाच मिनिटं गच्चीवर बोलायला दिलं. गच्चीवर सांडगे वाळत होते. त्यातून वाट काढत दोघं उभे राहिले.

ते पाच मिनिटांचं बोलणं मी बिरप्पाकडून आठ दिवसांत नऊ वेळा ऐकलं. तिनं पगार विचारला नाही. घर स्वतःचं घेणार का, ते विचारलं नाही. तिनं विचारलं, खांबावर असताना फोन वाजला तर उचलता का. हा म्हणाला, न्हाय, कुणाचा बी असू द्या. ती म्हणाली, माझा असला तरी? हा म्हणाला, तुमचा असला तर उतरल्यावर पयला लावीन. यावर ती म्हणाली, झालं माझं विचारून.

"असं म्हणाली?" मी दर वेळी विचारायचो.

"असं म्हणाली," तो दर वेळी म्हणायचा.

त्या आठ दिवसांत तो वेगळाच माणूस झाला. दाढी रोज व्हायला लागली. झुला, म्हणजे खांबावर कमरेला बांधायचा पट्टा, तो त्यानं साबणानं धुतला. पार्वतम्मांनी त्याच्यासाठी भिंतीवरच्या देवाला काहीतरी कबूल केलं. काय, ते तेलुगूत होतं. सुपारीची तारीख तेवढी ठरायची होती.

सुपारीआधी मुलाची चौकशी होते. ही चौकशी न सांगता होते, सगळ्यांना माहीत असतं, आणि तरी ज्या दिवशी होते त्या दिवशी कुणाच्या ध्यानात येत नाही.

तो मंगळवार होता. आमचा पाण्याचा दिवस. आमच्याकडे नळ पाचव्या दिवशी येतो, त्यामुळे त्या दिवशी मी कॉलेजात नसलो तर कट्ट्यावर असतो. तीन पिंप, सहा घागरी आणि एक पाईप घेऊन मी बसलो होतो. पांढरा सदरा, पांढरी टोपी आणि हातात कापडी पिशवी घेतलेला एक माणूस आला. वय साठीच्या अलीकडे. त्यानं विचारलं, बिरप्पा हितंच राहतात का.

मला वाटलं, लाईटची तक्रार घेऊन आला असेल. तसे बरेच येतात. मी म्हटलं, राहतो की, पण आता घरी नाही.

"दिवसभर कुटं असतात?"

तेव्हा मी ते चार शब्द बोललो.

"तो दिवसभर लाईनच मारतो."

मला त्या वाक्याचं कौतुक वाटलं होतं. लाईनमन, त्यामुळे लाईन मारतो. म्हणजे पोरींच्या मागे असतो, असंही. एका शब्दात दोन अर्थ. समोरचा हसेल म्हणून मी वाट बघितली. तो हसला नाही. त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"रोज?"

मला वाटलं, विनोद कळला नाही, आता सरळ सांगावं. म्हणून पुढचं सगळं मी मनापासून, बिरप्पाच्या कामाबद्दल सांगितलं. तिथंच सगळं बुडालं.

म्हटलं, रोज. सुट्टीच्या दिवशीसुद्धा. बोलावणं आलं की जातो.

"कोण बोलावतं?"

याचं उत्तर दारातून पार्वतम्मांनी दिलं. त्या बिड्यांचं सूप मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "बायका," त्या म्हणाल्या. "सकाळपासून बाईचा फोन. लाईन गेला म्हणते. हा जेवण टाकतो, पळतो. मंचोडु." मंचोडु म्हणजे तेलुगूत भला माणूस. त्या छातीवर हात ठेवून म्हणाल्या. पाहुण्याला तेलुगू येत नसावं.

त्यानं माझ्याकडे वळून आवाज खाली घेतला. "किती हायेत?"

"काय?"

"लाईनी."

"सहा," मी म्हटलं. मला ते पाठ होतं. "आधी तीनच होत्या. काम बघून साहेबांनी आणखी तीन दिल्या."

"साहेबांनी?"

"मग. एक दवाखान्याची आहे, तिच्याकडे जरा जास्त लक्ष द्यावं लागतं. एक गिरणीची, ती फार जुनी. कधीपण तुटेल. त्याला रोज तिचंच टेन्शन."

"आणि तुटली तर?"

"तुटली तर त्याच दिवशी जोडतो. तसा हुशार आहे."

"घरच्यांना म्हाईत हाय हे?"

"त्यांना अभिमान आहे," मी म्हटलं.

पार्वतम्मांनी पाहुण्यासाठी चहा आणून कट्ट्यावर ठेवला. तेवढ्यात नळाला फुसफुस झाली. पार्वतम्मा ओरडल्या, लाईन आला. मी पाईप घेऊन धावलो. पहिलं पिंप भरून वळलो तेव्हा माणूस नव्हता. चहा तसाच होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो असताना वच्छलाआत्यांचा फोन आला. बिरप्पाचे हात भाकरीला लागले होते, म्हणून त्यानं फोन स्पीकरवर टाकून जमिनीवर ठेवला.

"बिरप्पा, लेकरा, खरं सांग. सहा?"

"काय सहा, आत्या?"

"बार्शीवाल्यांनी न्हाय म्हणून कळवलं. पोरीचा सिद्धप्पा मामा काल तुज्याकडं येऊन गेला. अक्कलकोटकडचा हाय तो, शब्द वाया घालवणारा माणूस न्हाय. म्हणतोय, पोरगा नोकरीला हाय पण त्याचं सहा ठिकाणी हाय. एक दवाखान्यातली, एक गिरणीतली. ती तर म्हातारी हाय म्हणं. आणि वर साहेबांनीच जमवून दिल्यात."

माझा घास हातातच राहिला. बिरप्पा फोनकडे बघत होता. मग त्यानं माझ्याकडे बघितलं. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं असावं.

आत्यांनी फोन ठेवल्यावर मी त्याला सांगितलं. प्रश्न, उत्तरं, चहा, सगळं. मला वाटलं, तो ताट भिरकावेल. ताट स्टीलचं होतं आणि माझंच होतं. त्यानं भाकरीची घडी घातली आणि ताटाच्या कडेला ठेवली.

"त्यांनी विचारलं न्हाय? कुटली म्हणून?"

"नाही."

"आन् तुमी सांगितलं न्हाय."

"नाही. मला वाटलं, संदर्भावरून कळेल."

मग त्यानं मला ते सांगितलं, जे दोन वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. कोंडीबा नाना म्हणून एक जुने लाईनमन होते, त्यांच्या हाताखाली बिरप्पा शिकत होता. त्या दिवशी नाना खांबावर होते आणि बिरप्पा खाली. सबस्टेशनमधल्या ऑपरेटरनं सप्लाय बंद केलेला. नाना उतरले की बिरप्पानं फोनवर सांगायचं, लाईन सोडा. मग तिकडून सप्लाय चालू व्हायचा. बिरप्पानं फोन कानाला लावूनच ठेवला होता. खांबाशेजारी रेशनचं दुकान होतं. रांगेत दोन बायकांची जुंपली. एक दुसरीला म्हणायला लागली, लाईन सोड, तू आधी लाईन सोड. अगदी बिरप्पाच्या खांद्याशी. ते फोनमध्ये गेलं. ऑपरेटरनं काहीतरी विचारलं. गोंधळात बिरप्पाला ऐकू आलं नाही. तो सवयीनं म्हणाला, व्हय, व्हय.

"मग?" मी विचारलं.

"त्या दिवशी त्या माणसाकडं दोन लाईनी बंद होत्या. म्हणून त्यानं परत विचारलं. कुटली लाईन? एवढंच. मी म्हटलं, कुटली म्हंजे, नाना अजून वर हायेत." त्यानं ताट बाजूला सारलं. "एकच बंद असती तर त्यानं विचारलं नसतं, सर."

"आणि नाना?"

"नाना उतरले. बिडी पेटवली. मला म्हणाले, किती वाजले रे. त्यांना मी अजून सांगितलं न्हाय."

कोंडीबा नाना माझ्या गावचे. आता निवृत्त आहेत. मोडनिंबच्या स्टँडवर रोज पेपर वाचत बसलेले असतात. मागच्याच महिन्यात मी त्यांच्याशी पावसावर बोललो होतो.

पाच वर्षं मी भाषा शिकलो होतो. परीक्षेत अनेकार्थी शब्दांवर सोळा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. हा माणूस आठ वर्षं एका शब्दावर पहारा देत होता आणि मी त्या शब्दावर कट्ट्यावर बसून विनोद केला होता.

त्या रात्रीत मी बार्शीला पाठवायला पत्र लिहिलं. चार पानं. शब्दाचा उगम, अर्थाचा विस्तार, बोलीतला वापर, शेवटी माझी माफी. सकाळी बिरप्पानं ते उभ्यानं वाचलं.

"लई भारी हाय," तो म्हणाला. "पण यात लाईन चौतीस वेळा हाय. मामा पयल्याच पानावर फाडतील."

मग त्यानं ठरवलं. रविवारी समोरासमोर जायचं. बोलायचं मी, कारण मोडलं मी. आणि तिथं तो शब्द तोंडातून काढायचा नाही.

रविवारी आम्ही बार्शीच्या एसटीत बसलो. वाटेत मी सराव केला. तारा, खांब, सप्लाय, रांग. बिरप्पानं नवा शर्ट घातला होता आणि घडीची रेघ मोडू नये म्हणून तो पाठ न टेकता बसला होता. त्याला मी विचारलं, तिला फोन केला का या चार दिवसांत. म्हणाला, न्हाय, घरच्यांनी न्हाय म्हटल्यावर मागच्या दारानं कसा लावायचा. मग खिडकीबाहेर बघून म्हणाला, तिनं बी लावला न्हाय.

वच्छलाआत्या बार्शीच्या स्टँडवरच थांबल्या होत्या. त्यांनी मला खालून वर बघितलं आणि तुमीच का ते, एवढंच म्हणाल्या.

अंकिताचं घर मार्केट यार्डाच्या मागे. तिच्या वडलांनी आम्हाला बसायला सांगितलं, पण पाणी आणायला सांगितलं नाही. सिद्धप्पा मामा पलंगावर मांडी घालून बसले होते. मला बघून ते सगळ्यांना म्हणाले, "हेच ते. ह्यांनीच सांगितलं."

मी उभा राहिलो. म्हटलं, मामा, त्या दिवशी मी जे बोललो ते तारांबद्दल होतं. विजेच्या.

"तुमी तारा म्हणाला न्हाईत."

"नाही."

"मग आज का म्हणताय?"

मी म्हटलं, कारण त्या दिवशी चुकलो. बिरप्पाकडे सहा तारा आहेत, म्हणजे सहा भागांना जाणारा सप्लाय. तो त्यांच्यावर काम करतो. तो एक... इथं मी अडकलो. त्याच्या हुद्द्यातच तो शब्द होता. मी बिरप्पाकडे बघितलं. त्यानं मान नकारार्थी हलवली. मी म्हटलं, तो एक खांबमाणूस आहे.

अंकिताचे वडील म्हणाले, "लाईनमन की. ते आमाला म्हाईत हाय."

मामांनी हात वर केला. "नोकरी म्हाईत हाय. प्रश्न नोकरीचा न्हाय. दवाखान्यातली कोण, ते सांगा."

आता बिरप्पा बोलला. खाली बघूनच. "दवाखान्यातली न्हाय, मामा. दवाखान्याची. तिच्यावर तितला आयसीयू चालतो."

"आणि ती म्हातारी?"

"ती माझ्या जन्माआधीची हाय. ॲल्युमिनियमची."

आतल्या दारात अंकिताची आई उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मामा तिच्याकडे बघत नव्हते. ते बोटं मोजत होते. दोन झाली होती, चार राहिली होती. बिरप्पानं राहिलेल्या चारही सांगितल्या. टॉवेलच्या कारखान्यांची, पाण्याच्या टाकीची, शाळेकडची, आणि एक वस्तीची, जिच्यात आम्ही राहतो. प्रत्येकीपाशी मामा एक बोट दुमडत गेले. एक मूठ भरून दुसऱ्या हाताचं बोट दुमडलं, तरी पटलं नाही. त्यांनी शेवटचं काढलं. सकाळपासून बायकांचे फोन येतात, हे त्या म्हातारीनं, म्हणजे खऱ्या म्हातारीनं, स्वतः सांगितलं होतं.

तेव्हा अंकिताची आई दारातून पुढे आली. मामा तिचे थोरले भाऊ.

"अण्णा, लाईट गेल्यावर मी कुणाला फोन करती?"

"मला काय म्हाईत?"

तिनं कमरेचा मोबाईल काढून भावाच्या हातात दिला. त्यात एक नंबर 'लाईट' या नावानं होता. तिनं सांगितलं, पाच वर्षं झाली, महिन्यातून चार वेळा करती, त्याचं नाव बी म्हाईत न्हाय. अंकिताच्या वडलांनी मामांच्या खांद्यावरून वाकून तो नंबर बघितला. बराच वेळ बघितला.

मामांनी मोबाईल परत दिला. आपण चुकलो हे त्यांना कळलं होतं, पण ते बोलून दाखवायचं कसं, हे कळत नव्हतं. वडील छताकडे बघत होते. मला वाटलं, आता हे असंच राहणार. गैरसमज दूर झाला, पण नकाराचा होकार कोण करणार? एकदा न्हाय म्हणून कळवलेलं स्थळ परत जोडायचं म्हणजे कुणीतरी आधी खाली उतरायला हवं.

अंकिता चहा घेऊन बाहेर आली. मी तिला पहिल्यांदाच बघत होतो. सरळ बघणारी मुलगी. तिनं ट्रे मामांसमोर धरला आणि तसाच धरून ठेवला.

"मामा, तुम्ही त्यांना विचारलंत का? कुठली लाईन म्हणून?"

बिरप्पानं मान वर केली.

मामा म्हणाले, त्यात काय विचारायचं, सरळ कळत होतं की.

अंकितानं सांगितलं, दुकानात तिला दिवसातून शंभर वेळा विचारावं लागतं. माणूस म्हणतो, बीपीची गोळी द्या. ती विचारते, कुठली. माणूस चिडतो, मालकही चिडतो. म्हणतात, एवढ्यात कळायला पाहिजे, नेहमीचं गिऱ्हाईक आहे. दोन गोळ्यांच्या नावात एका अक्षराचा फरक असतो. ती तरी विचारते.

"कळलं असं वाटतं ना, मामा," ती म्हणाली, "तिथंच भीती असते."

मी बिरप्पाकडे वळून बघितलं. हे तू तिला सांगितलं होतंस का, असं मला विचारायचं होतं. त्याला ते न विचारताच कळलं. त्यानं मान हलवली. नाही. तो तिच्याकडेच बघत होता आणि शर्टाची घडी मोडेल याची त्याला आता पर्वा नव्हती. तो मागे भिंतीला टेकला.

मामांनी ट्रेमधला कप उचलला. फुंकर न घालता चहा पिऊन टाकला. मग दुसरा उचलला. तो माझा होता. आमच्या कट्ट्यावर सोडलेला चहा धरून त्यांचा हिशोब बरोबर होता, म्हणून मी गप्प बसलो. कप खाली ठेवून ते अंकिताच्या वडलांना म्हणाले, "दाजी, सुपारी कधी धरायची मग? पंचांग काढा की. आन् पाहुण्यांना पाणी तरी द्या, आल्यापासनं कोरडे बसल्यात."

पाणी आलं. तारीख निघाली. वच्छलाआत्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. ती शाबासकी होती का दुसरं काही, ते मी विचारलं नाही.

निघताना मामा दारापर्यंत आले. बिरप्पाच्या दंडाला धरून त्यांनी त्याला सांगितलं, ती जुनी बदलून घ्या, साहेबांना अर्ज करा. बिरप्पा म्हणाला, केलाय मामा, दोनदा. मग मामा माझ्याकडे वळले.

"तुमी कुटल्या लायनीत?"

"साहित्याच्या," मी म्हटलं.

"तरीच," मामा म्हणाले.

एसटी कुर्डुवाडी रोडला न लागता वैरागकडे वळली तेवढ्यात बिरप्पाचा फोन वाजला. त्यानं नाव बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. तिचं बोलणं मला ऐकू आलं नाही. त्याचं आलं. तो म्हणाला, "न्हाय न्हाय, खांबावर न्हाय. एसटीत हाय. बोला की."

सुपारी झाली. लग्न पुढच्या महिन्यात आहे. पत्रिकेसाठी दोन ओळी लिहून द्या, असं बिरप्पानं मला सांगितलं. ओळी म्हणाला. मी चारशे शब्द लिहिले आणि त्यातून दोन ओळी ठेवल्या. कुठल्याही शब्दाचा दुसरा अर्थ निघत नाही ना, हे पार्वतम्मांना वाचून दाखवून पाहिलं. त्यांना पहिलाही अर्थ लागला नाही, पण त्यांनी छातीवर हात ठेवला.

छापण्याआधी सिद्धप्पा मामांनी पत्रिका स्वतः तपासायला मागितली. मी छापखान्यानं दिलेल्या नमुन्याचा फोटो काढून त्यांना पाठवला. अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला. सगळं बरोबर आहे, म्हणाले. नावं बरोबर, मुहूर्त बरोबर. फक्त सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, तो शब्द आलाय.

मी पत्रिका हातात घेतली. खाली छापखान्याचा पत्ता होता. रेल्वे लाईन्स, सोलापूर.

मी सांगणार होतो. पण मामा फोनवर थांबले होते. मग त्यांनी सावकाश विचारलं,

"कुटली?"